उशिराचाही हिशेब मांडा



१९०८ साली ज्या शहराचा शेअर बाजार संघटित झाला आणि १९६१ साली ज्या शहरात देशातली पहिली आयआयएम उभी राहिली, त्या कोलकात्यात अध्यक्षपदाचा मान मला दिलात, याबद्दल आपला ऋणी आहे. आज मी एकच आग्रह धरणार आहे: गुंतवणुकीचे पर्याय तोलताना वेळेची किंमत मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

अनेक संचालक मंडळांत पहिला प्रश्न असतो, 'पैसे किती वर्षांत सुटतील?' समजा, १०० कोटी गुंतवून एक पर्याय पहिल्या वर्षी ६० आणि दुसऱ्या वर्षी ५० कोटी देतो. दुसरा चार वर्षांत अनुक्रमे २०, ४०, ५० आणि ६० कोटी देतो. पहिल्यात पैसे लवकर सुटतात, म्हणून मत तिकडे झुकते. पण भांडवलाचा खर्च १० टक्के धरून पुढच्या रकमा वटवल्या आणि आजच्या मोलात आणल्या, तर पहिल्या पर्यायाचे निव्वळ वर्तमान मूल्य उणे ४.१ कोटी येते आणि दुसऱ्याचे अधिक २९.८ कोटी. मुद्दल लवकर सुटले, पण संपत्ती घटली.

अंतर्गत परतावा दरही एकट्याने पुरेसा नाही. १० कोटींचे वर्षात १५ कोटी झाले तर दर ५० टक्के. १०० कोटींचे १२५ झाले तर २५ टक्केच. दोन्हींपैकी एकच निवडायचा असेल, तर १० टक्के दराने पहिला ३.६ कोटींची भर घालतो, दुसरा १३.६ कोटींची. टक्केवारी डोळ्यांत भरते; कंपनीच्या हाती मात्र रुपये पडतात.

आता पहिल्या उदाहरणातल्या चार वर्षांच्या पर्यायाला तीन वर्षे उशीर झाला असे धरा. खर्च आज झाला, उत्पन्नाचे आकडे तेच राहिले, फक्त ते तीन वर्षे पुढे सरकले. २९.८ कोटींचा लाभ जाऊन अडीच कोटींचा तोटा उरतो. एक रुपयाही जादा खर्च न होता प्रकल्प बुडीत निघाला.

ही गोष्ट या शहराइतकी कोणाला कळणार? मेट्रोची पायाभरणी डिसेंबर १९७२ मध्ये झाली. एस्प्लनेड ते भवानीपूर ही देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली. दमदम ते टॉलीगंज हा सलग मार्ग पुरा व्हायला १९९५ उजाडले. पूर्व-पश्चिम मार्गाची पायाभरणी २००९ ची, आणि हुगळीखालच्या बोगद्यातून सेवा सुरू झाली मार्च २०२४ मध्ये. मधल्या काळात, २०१९ साली, बहूबाजारात बोगदा खणताना पाणी घुसले, जमीन खचली आणि लोकांची राहती घरे गेली. जोखमीचे असे कलम कागदावर आधीच असायला हवे.

याचा अर्थ मेट्रो नको होती, असा मुळीच नाही. तिचा लाभ तिकिटाच्या गल्ल्यात मावत नाही. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ मोजण्याचा अभ्यास केला. तो पुण्याच्या गोखले संस्थेने १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. सार्वजनिक कामाचे मोल पाणीपट्टीच्या वसुलीपलीकडे शोधण्याची ती वाट आपलीच आहे. पण लाभ जितका मोठा, तितके त्याला लांबवणे महाग. प्रवाशाचा वाचू शकणारा, पण न वाचलेला प्रत्येक तास हाही खर्चच आहे.

म्हणून व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे. प्रत्येक प्रस्तावासोबत एक, तीन आणि पाच वर्षांच्या उशिराचे निव्वळ वर्तमान मूल्य जोडा. वटावाचा दर जोखमीप्रमाणे ठरवा, वरिष्ठांना हवे ते उत्तर येईल असा नव्हे. आणि काम पुरे झाल्यावर मूळ अंदाज व प्रत्यक्ष आकडे शेजारी शेजारी मांडून प्रसिद्ध करा. भांडवल ठेवीदाराचे असो वा करदात्याचे, ते आपण त्यांच्या विश्वासावर वापरतो. त्यांना हा हिशेब मागावा लागू नये. तो आपणहून देणे हे आपल्या व्यवसायाचे कर्तव्य आहे.