काळा आरसा, पांढरा आरसा

जादूची साधना म्हटलं की मंत्र, रिंगण, धूप हेच डोळ्यांसमोर येतं. पण चेक भूमीतल्या ओपावा परिसरात १९०९ साली जन्मलेले फ्रान्झ बार्डोन साधकाच्या हाती आधी देतात ती वही! हर्मेटिक, म्हणजे पाश्चात्त्य गूढविद्येच्या, साधनेवरचं त्यांचं पुस्तक १९५६ साली जर्मन भाषेत निघालं.

या वहीत स्वतःचे दोष लिहायचे. हातचं काही राखायचं नाही, बारीकसारीक खोडसुद्धा सोडायची नाही. मग प्रत्येक दोष कोणत्या तत्त्वाचा ते ठरवायचं. राग, मत्सर अग्नीचे. बढाई, चहाडी वायूची. बेफिकिरी, भिडस्तपणा पाण्याचा. आळस, उदासी पृथ्वीची. त्यानंतर नेहमी उफाळणारे, अधूनमधून डोकावणारे आणि क्वचित दिसणारे, अशा तीन गटांत त्यांची विभागणी. हा झाला काळा आरसा. गुणांची अशीच यादी म्हणजे पांढरा आरसा.

कुठलं तत्त्व आपल्यावर स्वार झालंय, ते या कागदावर उघडं पडतं. मला यातला प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. कारण इथे साधकाला तपासणारा दुसरा कुणीच नसतो.

पुढच्या पायरीवर दोष घालवण्याचे उपाय येतात. त्यातला एक साधा आहे: तीस-चाळीस गाठींची दोरी. झोपण्यापूर्वी डोळे मिटायचे आणि इच्छा एका छोट्या वाक्यात, ती पूर्ण झालीच आहे अशा भाषेत, एकेका गाठीवर मनात म्हणायची. सकाळी जाग येताच पुन्हा तेच. चारही तत्त्वं समतोल झाल्याशिवाय पुढच्या साधनेकडे वळू नये, असं बार्डोन बजावतात.