यंत्र लावूनही दिवसा झोप का येते?



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानाला उभे राहावे आणि विषय घ्यावा झोपेचा, याचे आपल्यापैकी काहींना हसू येईल. लोकांना जागे करणे हाच ज्यांचा धंदा, ते झोपेची तरफदारी करायला निघाले, असेही कोणी म्हणेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे झाले ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि दवाखान्यांच्या बाकांवर. तेव्हा डॉक्टरीचा आव आम्ही आणणार नाही. परंतु हा विषय आमच्या कक्षेबाहेरचा आहे, हे मात्र आम्हाला मान्य नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली. तिच्या मागण्या काय होत्या? आठवड्याला एक दिवस सुटी आणि दुपारी अर्धा तास विसावा, या त्यांतल्या मुख्य. १८९० साली गिरणीमालकांना रविवारची सुटी कबूल करावी लागली. म्हणजे आमच्या चळवळीचा पहिला मोठा विजय पगारवाढीचा नव्हता, तो विश्रांतीचा होता. पुढे जगभरच्या कामगारांनी दिवसाचे तीन भाग पाडून त्यांतला एक झोपेसाठी मागून घेतला. पण समजा, हे आठ तास पदरात पडले, माणूस वेळेवर आडवा झाला, आणि तरीही सकाळी रात्रभर पोती वाहून आल्यासारखा उठला, तर त्याने कोणाकडे दाद मागावी? आजचा प्रश्न हा आहे.

या दुखण्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते किंवा बंदच होते. श्वास निदान दहा सेकंद अडला, तर तो एक अटकाव धरतात. तासाला पाचांपर्यंत अटकाव असले तर चिंता नाही. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसांच्या वर गेले की विकार तीव्र. श्वास अडला की रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घोरण्याचा एक मोठा आवाज होतो आणि वाट उघडते. झोपलेल्याला याचा पत्ताही नसतो. बाजूला निजलेल्या बायकोला मात्र असतो. थोडक्यात, हा माणूस रोज रात्रपाळी करतो; तिची हजेरी लागत नाही आणि ओव्हरटाइमही मिळत नाही.

१९८० पर्यंत या विकाराच्या तीव्र रोग्याला गळ्याला भोक पाडून घेण्याखेरीज फारसा इलाज नव्हता. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी केर ओढण्याच्या यंत्राची मोटर उलटी चालवून नाकावाटे हवेचा सौम्य दाब दिला, आणि घशाची वाट रात्रभर उघडी राहिली. पाच रोग्यांवरचा हा प्रयोग १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. आज ज्याला सी-पॅप म्हणतात ते हेच यंत्र. आम्ही स्वतः सहा वर्षे ते वापरीत आहोत आणि त्याचे ऋण मानतो. पण ते औषध नव्हे, तो टेकू आहे. पडत्या भिंतीला लावलेला टेकू जोवर आहे तोवर भिंत उभी; काढला की पुन्हा तीच गत.

आता खरी अडचण. यंत्र आले, घोरणे थांबले, घरची माणसे सुखाने झोपू लागली; परंतु रोग्याची दिवसाची झोप काही जात नाही. अशी माणसे थोडी नाहीत. घरी ती आळशी ठरतात आणि कामावर कामचुकार. पूर्वी निदान आजाराचे नाव तरी सांगता येत होते. आता ‘एवढे हजारो रुपयांचे यंत्र घेतले, आणखी काय हवे?’ असे ऐकावे लागते. आम्ही म्हणतो, कोणत्याही तक्रारीची जशी रीतसर चौकशी होते, तशी हिचीही व्हावी. आरोप आधी आणि चौकशी मागून, हा न्याय नव्हे.

चौकशीचे पहिले कलम : यंत्र किती तास लागते? आजची यंत्रे स्वतःच हजेरीबुक ठेवतात. अमेरिकेतल्या सरकारी विम्यात शंभरांतल्या सत्तर रात्री चार तास यंत्र लावले की रोगी नियमित गणला जातो. पण चार तास ही हजेरीची किमान अट झाली. तेवढ्यात काम पुरे होते असे नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले की, झोप येते ही जाणीव कमी होण्यास सुमारे चार तास, चाचणीत मोजलेली झोपाळूपणाची मात्रा सुधारण्यास सहा तास, आणि रोजचे व्यवहार पूर्ववत होण्यास साडेसात तासांपर्यंत वापर लागतो. शिवाय स्वप्नांची झोप बहुतेक पहाटेच्या बाजूला येते, आणि पुष्कळांचा श्वास त्याच झोपेत अधिक अडतो. म्हणजे जो रात्री दोन वाजता मुखवटा काढून ठेवतो, तो नेमका शत्रू येण्याच्या वेळी पहारा उठवतो.

दुसरे कलम : हवा जाते कोठे? मुखवटा सैल असेल, तोंड उघडे पडत असेल, नाक चोंदलेले असेल, तर दाब घशापर्यंत पोचतच नाही. भरघोस मिशीमुळेही मुखवट्याची कड बसत नाही. त्यातून आमच्या लोकांची घरे पाहा. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसे, वैशाखाचा उकाडा, आणि मध्येच वीज गेली की यंत्र बंद. दवाखान्यात एकदा बसवून दिलेला दाब पुढे वजन वाढल्यावर अपुरा पडतो. काहींच्या बाबतीत घसा उघडा असूनही मेंदूच श्वासाचा हुकूम सोडीत नाही. त्यांचा मार्ग निराळा, आणि नुसता दाब वाढवून तो सापडत नाही. यासाठी यंत्रातली नोंद डॉक्टरांनी उघडून पाहिली पाहिजे. यंत्र विकत दिले आणि हात झटकले, असे चालणार नाही.

तिसरे कलम आमच्या जिव्हाळ्याचे : झोपायला वेळ तरी मिळतो काय? यंत्र श्वास देते, वेळ देत नाही. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्यात तिसरी, असे ज्याचे जीवन, त्याच्या शरीराचे घड्याळ कधीच जुळत नाही. दिवसा गोंगाटात पाच तास पडलेल्या माणसाच्या नाकावर जगातले उत्तम यंत्र बांधले, तरी हरवलेले तीन तास ते कोठून आणणार?

चौथे कलम : दुसरा चोर घरात आहे काय? पंडुरोग, थायरॉइडचा मंदपणा, मधुमेह, मनाची उदासी, रात्री पायांना लागणारी चुळबूळ, सर्दीच्या किंवा खाजेच्या गोळ्या, संध्याकाळची दारू, यांपैकी कोणीही दिवसाची उमेद चोरू शकतो. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. थकवा म्हणजे हातपाय गळणे. झोप येणे म्हणजे बसल्या जागी डोळा लागणे. दोन्ही निराळी. हा दुसरा प्रकार अजमावण्यासाठी मेलबर्नच्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी १९९१ साली आठ साध्या प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. वाचताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, वाहतुकीत गाडी थांबली असता डुलकी लागण्याचा संभव किती, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस. बेरीज दहाच्या वर गेली, की डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई करू नये.

या चारही कलमांची चौकशी नीट होऊनही काही माणसे उरतातच. हेही सत्य सांगितले पाहिजे. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले आहे की, प्राणवायू वर्षानुवर्षे नव्हे, काही महिने जरी वारंवार घटत राहिला, तरी जागे ठेवणाऱ्या मेंदूतल्या पेशींना इजा होते. माणसातही तसेच घडत असावे, असा काही शास्त्रज्ञांचा तर्क आहे. अशा रोग्यांसाठी जागे ठेवणारी औषधे आहेत. मोडाफिनिल हे औषध अमेरिकेत २००४ साली या कामासाठी मान्य झाले. उलट २०१० साली युरोपच्या औषध संस्थेने ते या कामी वापरू नये अशी शिफारस केली. सोल्रियमफेटॉल हे दुसरे औषध अमेरिकेत २०१९ साली आले. जाणत्यांतच असा मतभेद असता दुकानातून गोळी आणून गिळणे धोक्याचे. शिवाय ही औषधे यंत्राबरोबर घ्यावयाची, यंत्राऐवजी नव्हे.

आता एक हकीकत सांगतो. एका प्रवासी वाहतुकीच्या आगारातला आमचा एक सभासद, बावीस वर्षे स्टिअरिंगवर. कर्ज काढून यंत्र घेतले, तरी दुपारी डोळा लागे. त्याने हे वाहकाला सांगितले, वाहकाने आम्हाला. आगाराच्या अधिकाऱ्याचे म्हणणे, हा सोंग करतो, घरी पाठवा. आमच्या काही साथींचे म्हणणे, सभासद आपला आहे, त्याला गाडीवरच ठेवण्यासाठी भांडा. आम्ही दोघांनाही नकार दिला. गाडीत चाळीस माणसे असतात. तीही कोणाची तरी मिळवती माणसेच असतात. झोपाळू माणसाच्या हाती गाडी देण्याचा हक्क कोणतीही युनियन मागू शकत नाही. पण खरे बोलल्याबद्दल ज्याची भाकरी जाते, त्याचे पाहून उरलेले शंभर जण खोटे बोलू लागतात. ती शंभर खोटी माणसे रात्री घाट उतरतात, हे त्या अधिकाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे होते.

तीन महिने वाटाघाटी चालल्या. अखेर त्याला पगार न कापता चौकशीच्या खिडकीवर बसवले आणि एकच पाळी ठरवून दिली. यंत्राची नोंद तपासली तेव्हा निम्मी हवा गळत असल्याचे निघाले. मुखवटा बदलला, मिशीही गेली. तिच्याबद्दल मात्र तो आजही हळहळतो. पाच महिन्यांनी त्याचे गुण सतरावरून अकरावर आले. अकरा म्हणजे दहाच्या आत नव्हेत. म्हणून तो अजून खिडकीवरच आहे, आणि अजून आमच्याशी त्यावरून वादही घालतो. गाडीवाचून त्याला करमत नाही. या गोष्टीचा शेवट गोड झाला असे आम्ही सांगणार नाही. पण तो जिवंत आहे, नोकरीत आहे आणि त्याचे प्रवासी सुखरूप आहेत.

तात्पर्य, मागण्या चार आहेत. चालकांची आणि यंत्रांवर काम करणाऱ्यांची झोपेची तपासणी मालकाच्या खर्चाने व्हावी. जो आपले दुखणे सांगेल त्याची नोकरी व पगार सुरक्षित राहावा. यंत्राची नोंद डॉक्टरांनी पाहावी. मालकाने तिचे दुसरे हजेरीबुक करू नये. आणि पाळ्या अशा लावाव्यात की यंत्र लावून झोपायला रात्र उरेल.

घरच्या मंडळींकडेही एक मागणे आहे. आपल्या घरात यंत्र लावणारा कोणी असेल आणि तो दुपारी पेंगत असेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी एवढेच विचारा : मुखवटा कोठे काचतो? किती वाजता काढतोस? डॉक्टरांना शेवटचा कधी भेटलास? या तीन प्रश्नांना पैसे पडत नाहीत. आमच्या घरी ते कोणी तरी विचारले, म्हणून आज आम्ही आपल्यापुढे तासभर जागे उभे राहू शकलो.