मोबाईलची बॅटरी आणि आपल्या समजुती
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात आजवर लोणची-पापडांपासून बालसंगोपनापर्यंत अनेक विषयांवर भाषणे झाली. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी "मोबाईलची बॅटरी" असे सांगितले आणि त्या हसल्या. हा विषय मी का घेतला, ते आधी सांगते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाई पहाटे न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. घरात त्या एकट्याच होत्या. फोन हाताशी होता. पण आम्हांला लावता लावता तो बंद पडला. शेजारणीने हाक ऐकेपर्यंत दोन तास त्या तशाच पडून होत्या. "बॅटरी सगळी उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, ती खराब होते," हा धडा मीच त्यांना दिला होता, आणि त्या तो इमानाने पाळीत होत्या. आज त्या बऱ्या आहेत. परंतु माझ्या मनाची रुखरुख गेली नाही. म्हणून मी या विषयाची माहिती करून घेतली.

माझा धडा अगदीच खोटा नव्हता, तो शिळा होता. पूर्वी निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत, त्यांना हे पथ्य सांगितले जाई. आताच्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती 1991 साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या घडणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना 2019 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीला जुने पथ्य लागू नाही. उलट, वारंवार पूर्ण उतरू दिल्याने तीच लवकर झिजते.

तिचे शत्रू तीन. पहिला उष्णता, दुसरा फार वेळ काठोकाठ भरलेली राहणे, आणि तिसरा अगदी रिकामी होणे. म्हणून रोजच्या वापरात ती साधारण 20 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. दिवसातून दोनदा थोडी थोडी भरल्याने नुकसान होत नाही. दोन वेळा अर्धी भरली, तर ती एकच पूर्ण फेरी धरली जाते.

रात्रभर चार्जिंगला लावल्यास काय होते, असे अनेकजणी विचारतात. बॅटरी भरली की फोन स्वतःच वीज घेणे थांबवतो. पण तासन् तास ती भरलेली राहते, हे तिला मानवत नाही. पुष्कळ फोनमध्ये 80 टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, ती मुलांकडून सुरू करून घ्यावी. मात्र चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली, पांघरुणात, उन्हात किंवा शेगडीजवळ कधीही ठेवू नये. वापरात नसलेला फोन कपाटात ठेवायचा असेल, तर निम्मा भरून व बंद करून ठेवावा.

फोनची पाठ फुगलेली दिसली, तर तो दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. दुरुस्तीच्या जाणकाराकडेच द्यावा.

भगिनींनो, कितीही जपली तरी बॅटरी काही वर्षांनी थकणारच, आणि ती बदलून मिळते. तेव्हा तिच्या काळजीपायी माणसाची आबाळ होऊ देऊ नका. प्रवासाला निघताना, घरात आजारी माणूस असताना ती खुशाल शंभर टक्के भरा. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे एकटी झोपतात, त्यांनी निजण्यापूर्वी त्यांचा फोन भरलेला आहे ना, एवढे आज रात्रीपासून विचारावे. मी आता रोज नऊ वाजता सासूबाईंना तेवढेच विचारते, आणि त्या निमित्ताने आमच्या चार गोष्टीही होतात.