नाशिकची बाजारपेठ आणि आपल्या शेताचा हिशेब

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'नाशिक परिसराची आर्थिक स्थिती' हे आजच्या विषयाचे नाव मोठे असले, तरी त्यातील प्रश्न आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. नाशिक शहर वाढते आहे, बाजारात पैसा दिसतो आहे. मग कांदा आणि द्राक्षे पिकविणाऱ्या अनेक घरांत वर्षअखेर हातात काही का उरत नाही? आणि ते उरावे म्हणून आपल्या हाती काय आहे? या दोन प्रश्नांपुरतेच मी आज बोलणार आहे.

शहराचा पैसा आणि गावाचा पैसा

2011 च्या जनगणनेनुसार नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे 14 लाख 86 हजार होती. या शहराचा पाया नोकरीच्या पैशावर घातला गेला. नाशिकरोडला 1925 मध्ये सिक्युरिटी प्रेस आणि 1928 मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला. 1964 मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला. सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. या पैशाचे वैशिष्ट्य असे, की कायम नोकरी असेल तर तो दरमहा ठरल्या तारखेला येतो.

निफाड, चांदवड, येवला, दिंडोरी, सटाणा, कळवण या भागातला पैसा मात्र लिलावाच्या दिवशी येतो. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतला भाव मिळाला, तर त्याच आठवड्यात खत-बियाण्यांची उधारी फिटते, कापड दुकानात गर्दी होते, घराचे अडलेले काम पुढे सरकते. भाव पडला, की हे सगळे थांबते. ऑगस्ट 2023 मध्ये जिल्ह्यात कांद्याचे लिलाव काही दिवस बंद राहिले. अशा वेळी हमाल, टेम्पोवाले, चहाची टपरी चालविणारे, सर्वांचाच रोजगार बुडतो.

ही साखळी आणखी पुढे जाते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील कुटुंबे भात-नागलीची कापणी झाली, की द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे येतात. बागाईतदाराचा हंगाम बिघडला, तर त्याची झळ डोंगरावरच्या पाड्यापर्यंत पोहोचते.

भाव कोठे ठरतो?

कांद्याचा भाव केवळ आवकेवर ठरत नाही. केंद्र सरकारने 19 ऑगस्ट 2023 रोजी कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यात पूर्ण बंद केली. 4 मे 2024 रोजी बंदी उठली, पण 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य लागू झाले. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्याची अट काढून शुल्क 20 टक्क्यांवर आणले गेले आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही रद्द झाले. म्हणजे 20 महिन्यांच्या आत धोरण निदान पाच वेळा बदलले. यावर संघटनांनी आवाज उठवावा, तो त्यांचा हक्कच आहे. कृषिविद्या शिकविणारा म्हणून मला त्यातील दुसरी गोष्ट दाखवायची आहे.

ऑगस्टमधील शुल्काचा मार चाळीतल्या उन्हाळ कांद्यावर बसला. डिसेंबरमधील बंदीचा मार लाल कांद्यावर बसला. उन्हाळ कांदा काही आठवडे थांबवता येतो. लाल कांद्यात पाण्याचे प्रमाण जास्त, तो टिकत नाही. काढला की मिळेल त्या भावाने विकावा लागतो. म्हणून संपूर्ण क्षेत्र एकाच हंगामाच्या कांद्याखाली आणणे, विशेषतः कर्ज काढून, धोक्याचे आहे. क्षेत्र विभागून घ्यावे आणि थोड्या जागेवर घरखर्चाला हातभार लावणारे दुसरे पीक ठेवावे.

साठवायचा की विकायचा?

हा निर्णय अंदाजाने न घेता कागदावर घ्यावा. एक उदाहरण पाहू. यातील आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपापल्या शेताचे आकडे त्या जागी घालावेत.

समजा, एका एकरात 100 क्विंटल उन्हाळ कांदा निघाला आणि घरच्यांची मजुरी धरून खर्च 80 हजार रुपये आला. म्हणजे क्विंटलला 800 रुपये पडले. काढणीच्या वेळी भाव 1,200 रुपये आहे. आज विकला तर 1 लाख 20 हजार मिळतात. चार महिने साठवायचा, तर चाळ, मजुरी आणि पैशावरचे व्याज मिळून आणखी 10 हजार धरा. तेव्हा पुढे किमान 1 लाख 30 हजार रुपये आले, तरच साठवणूक फुकट गेली नाही असे म्हणता येईल.

चाळीत 30 टक्के घट झाली, तर विकायला 70 क्विंटलच उरतो आणि भाव निदान 1,857 रुपये लागतो. घट 15 टक्क्यांवर रोखली, तर 85 क्विंटल उरतो आणि 1,529 रुपयांत बरोबरी होते. क्विंटलमागे 328 रुपयांचा हा फरक आपल्या चाळीतला आहे. बाजार वाढविणे आपल्या हाती नाही, पण सड कमी करणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

1. साठवणुकीसाठी एन-2-4-1, ॲग्रीफाउंड लाइट रेड किंवा भीमा शक्ती यांसारखे टिकाऊ वाण निवडावेत.

2. लागवडीनंतर 60 दिवसांपुढे नत्र देऊ नये. उशिरा दिलेल्या युरियाने माना जाड होतात आणि कांदा चाळीत सडतो.

3. काढणीपूर्वी दोन ते तीन आठवडे पाणी तोडावे. निम्म्या माना पडल्यावर काढणी करावी.

4. कांदा पातीसह शेतात तीन ते पाच दिवस सुकवावा. नंतर 3 ते 4 सें.मी. मान ठेवून पात कापावी व सावलीत दोन आठवडे राहू द्यावा.

5. जोड, डेंगळे आलेले, इजा झालेले कांदे आणि गोल्टी वेगळी काढून आधी विकावी. चाळीत एकसारखा, मध्यम आकाराचाच माल भरावा.

6. चाळीला खालून आणि बाजूंनी हवा खेळती हवी. ढिगाची उंची 5 फुटांच्या वर नेऊ नये.

7. सगळा माल एकदम काढू नये व एकदम रोखूनही धरू नये. तीन-चार टप्प्यांत विकावा.

द्राक्ष बागाईतदारांसाठी

द्राक्षात खर्च आधी होतो आणि पैसा शेवटी येतो. मधले सहा महिने हवामानाच्या हाती असतात. 26 नोव्हेंबर 2023 च्या गारपिटीने निफाड भागातील बागांचे काय झाले, हे आपण पाहिले. म्हणून गोड्या बहराची छाटणी सर्व बागेत एकाच आठवड्यात न करता टप्प्याटप्प्याने करावी. विमा मुदतीत उतरवावा. निर्यात करणाऱ्यांनी फवारणीची नोंद तारखेनिशी ठेवावी. 2010 मध्ये एका वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली होती, तो धडा विसरण्यासारखा नाही.

शहराचा उपयोग करून घ्या

वाढते शहर म्हणजे दाराशी आलेले गिऱ्हाईकही आहे. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे शेतकऱ्यांच्याच 'सह्याद्री' या उत्पादक कंपनीने प्रतवारी, प्रक्रिया आणि निर्यात एका जागी आणली. एवढे मोठे काम सर्वांना जमणार नाही. पण दहा जणांच्या गटाने एकत्र प्रतवारी करणे, एका गाडीत माल पाठविणे, शहरातील सोसायट्यांना आठवड्याला भाजी पोहोचविणे जमण्यासारखे आहे. 2027 च्या सिंहस्थात लाखो भाविक येतील. भाजीपाला व फुलांचे नियोजन त्या तारखा पाहून करता येईल. मात्र खरेदीदाराशी आधी बोलून मगच क्षेत्र वाढवावे.

शेवटी एकच विनंती. प्रत्येक घरात एक वही असावी. पीकवार खर्च, विक्रीची तारीख, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि वाहतूक त्यात लिहावी. ती वही घरातील लिहित्या मुलीकडे किंवा सुनेकडे सोपवा. त्या ती नेटकी ठेवतात. क्विंटलला आपल्याला काय पडले, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला लिलावात कोठे थांबायचे आणि कोठे सोडायचे हे ठरविता येते. आणि पुढच्या हंगामात काय लावायचे, याचे उत्तरही त्याच वहीत सापडते.