मीच मला जवळचा

'प्रॉक्सिमुस सुम एगोमेत मिही' अशी एक लॅटिन म्हण आहे. मला सर्वांत जवळचा मीच, असा तिचा अर्थ. आपल्या 'आधी पोटोबा, मग विठोबा'ची चुलत बहीण म्हणा. फक्त आपल्या म्हणीत निदान भुकेची सबब आहे, थोडी थट्टाही आहे. ही अगदी कोरडी.

आधी स्वतःचं बघा, असा उपदेश म्हणून ती सांगितली जाते. पण ती आली कुठून ते पाहा. टेरेन्सचं 'आंद्रिया' हे नाटक इसवी सनापूर्वी १६६ मध्ये रोममध्ये झालं. त्यात कॅरिनस नावाच्या तरुणाचा एका मुलीवर जीव जडलेला असतो आणि तिचं लग्न त्याच्या मित्राशी, पॅम्फिलसशी ठरू घातलेलं असतं. मित्र सांगतो, मला हे लग्न नकोच आहे. पुढे कॅरिनसला कळतं की त्यानं वडिलांना होकार दिला. मग तो चिडून, शब्द फिरवणारी माणसं कशी बोलतात त्याची नक्कल करतो. हे वाक्य त्या नकलेतलं! दुखावलेल्या माणसानं वेडावून दाखवलेलं. लोकांनी वाक्य उचललं, वेडावणं गाळलं.

मी एकदा भाड्यानं घर शोधत होतो. मालकांनी चहा दिला, कवितांवर बोलले. मग नाव विचारलं. "तुम्ही चांगले आहात हो, पण आम्हाला आमचंही बघावं लागतं. सोसायटी आहे." घरी येऊन मी ते वाक्य बायकोला त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. ती हसली, मग गप्प झाली.

नाटकात पॅम्फिलस खरं तर स्वार्थी नसतोच. डेवस या गुलामाच्या सल्ल्यावरून तो खोटा होकार देतो आणि फसतो. ते घरमालकही असेच कुणाच्या धाकात असतील. पण पॅम्फिलसनं आपली अडचण मित्राला तोंडावर सांगितली होती.

टेरेन्स स्वतः गुलाम होता. सुएटोनियसनं लिहिलेल्या चरित्राप्रमाणे त्याचा जन्म कार्थेजचा. रोममध्ये एका सिनेटरनं त्याला शिकवलं, मुक्त केलं. टेरेन्शियस हे नावही त्या मालकाचंच. ज्याच्या देहावर एकेकाळी दुसऱ्याची मालकी होती तो माणूस हे वाक्य लिहायला बसला, तेव्हा त्याच्या कानात कुणाचा आवाज असेल, असं मला पुष्कळदा वाटतं.