चढावर मिटणारे दिवे

माझी सारी नोकरी रेल्वेच्या डब्यांखाली गेली. माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये मी व्हॅक्यूम ब्रेकचा फिटर होतो. त्या काळी साखळी ओढली की गाडी थांबायची ती कशी, हे साखळी ओढणाऱ्यालाही ठाऊक नसे. गाडीभर फिरणाऱ्या नळीतून हवा उपसून काढलेली असायची आणि त्या पोकळीच्या जोरावर ब्रेक सुटलेले राहायचे. नळीत हवा शिरली की ब्रेक आपोआप लागायचे. साखळीने शिरो, नाहीतर नळी फुटून शिरो, गाडी थांबणारच. पुढे एअर ब्रेक आले आणि माझी विद्या जुन्या बाजारात जमा झाली. निवृत्तीनंतर ती इंग्लंडमध्ये कामी येईल, असं काही वाटलं नव्हतं.

लेक डर्बीला राहते. २०१८ च्या ऑक्टोबरात तिच्याकडे गेलो होतो. शेजारी एक निवृत्त मास्तर. त्यांच्याकडे १९६७ सालची लोटस एलान. दोनच माणसांची, फायबरग्लासच्या अंगाची, वजन सातशे किलोच्या आसपास. १९६२ मध्ये ही गाडी आली, तेव्हा तिचं नाक इतकं खाली होतं की हेडलाइट नियमाच्या उंचीला बसेनात. म्हणून दिवे नाकातच झोपवून ठेवले. लागतील तेव्हा उठवायचे. आज कुणीही त्यासाठी विजेची मोटर लावील. लोटसने इंजिनाच्या श्वासावर काम भागवलं.

इंजिन हवा ओढतं, तेव्हा त्याच्या इनलेट मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. तिथून एक रबरी नळी निघते, वाटेत एकेरी झडप लागते आणि पोकळी एका टाकीत साठते. डॅशबोर्डवरचं बटण ओढलं की टाकीचा संबंध दोन्ही दिव्यांमागच्या डब्यांशी जुळतो. डबीतला रबरी पडदा ओढला जातो आणि दांडा दिवा उचलतो. पोकळी गेली, की स्प्रिंग दिवा पुन्हा खाली पाडते. मास्तरांनी हे कौतुकाने सांगितलं आणि माझ्या कपाळाला आठी पडली. आमच्याकडे गळती झाली तर गाडी थांबायची. इथे गळती झाली तर अंधार! (पुढच्या काळातल्या एलानमध्ये हे उलटं केलं. स्प्रिंग दिवे उचलते, पोकळी त्यांना खाली धरते. शहाणपण आलं, पण उशिरा.)

एके दिवशी त्यांनी मला मॅटलॉकच्या पुढे डोंगरात फिरवून आणलं. परतताना अंधार पडला. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, रस्त्यावर एकही खांब नाही. लांब चढ लागला, मास्तरांनी अॅक्सिलरेटर दाबून धरला आणि समोरचा उजेड हळूहळू आमच्याच चाकांपाशी येऊन विझला. त्यांनी शांतपणे पाय उचलला. दिवे टुणकन वर आले. “कधी कधी होतं असं,” ते म्हणाले. घर येईपर्यंत मी दाराची कडी सोडली नाही.

ओळखीच्या गॅरेजवाल्याने त्यांच्या दोन्ही डब्या आधीच बदलल्या होत्या. पैसे गेले, दुखणं राहिलं. पण दिवे कधी पडतात, हे त्याने विचारलंच नव्हतं. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधली पोकळी जवळजवळ नाहीशी होते. नेमकं तेव्हाच काम करायला तर टाकी आणि झडप असते. पाय उचलताच दिवे उठतात, म्हणजे डब्या ठीक आहेत. साठा टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवे उभे करून इंजिन बंद केलं आणि घड्याळ लावलं. मिनिटभरही टिकले नाहीत. मग मीटर लावलेला एक हातपंप आणवला. नळी सोडायची, तोंडाशी पंप लावायचा, पोकळी करायची आणि काटा बघत बसायचं. उजवी डबी, काटा स्थिर. डावी, स्थिर. झडप काढून तोंडाने फुंकली. एकीकडून हवा जाते, दुसरीकडून नाही, म्हणजे तीही चांगली. एका नळीचं टोक जोडाशी तडकलेलं सापडलं, ते कापून पुन्हा बसवलं. दिवे मिनिटाऐवजी दोन मिनिटं टिकले. मास्तर खूश झाले. मी नाही झालो.

राहिली टाकी. मी पत्र्याचा डबा शोधत होतो, तो काही दिसेना. मास्तरांनी मॅन्युअल आणलं तेव्हा कळलं, वेगळी टाकी नाहीच! चॅसिसचा पुढचा आडवा पोकळ तुळवा, त्यालाच बंद करून टाकी केलेली. वजन वाचलं, जागा वाचली. त्या नळीवर पंप लावला आणि काटा डोळ्यांदेखत खाली आला.

आता कामाचं गांभीर्य बदललं. पुढच्या चाकांचं सस्पेन्शन याच तुळव्याच्या दोन टोकांवर बसतं. तिथे पाणी निघून जायला भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी साचतं आणि पोलाद आतून खातं. मी गाडीखाली शिरून स्क्रूड्रायव्हर टेकवला. दाबलाही नाही फारसा, आत गेला.

मास्तर म्हणाले, बाजारात प्लास्टिकची वेगळी टाकी मिळते, ती जोडू, दिवे उभे राहतील. खरंच राहिले असते. पुष्कळ लोक तसं करतात आणि चॅसिस धड असेल तर त्यात वावगंही काही नाही. पण इथे दिव्यांनी बोलणं थांबवलं असतं आणि तुळवा गुपचूप सडत राहिला असता. मी त्यांना खाली झोपवलं, बॅटरी धरली आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्याच हातात दिला. बाहेर आले तेव्हा केसांत गंजाचा चुरा होता. बराच वेळ बोलले नाहीत. मग, नाताळात नातवाला घेऊन फिरायला जायचं कबूल केलंय, एवढंच म्हणाले.

त्या नाताळात गाडी गॅरेजमध्येच राहिली. मी डोंबिवलीला परतलो. पुढच्या वर्षी त्यांनी अंग उतरवून जस्ताचा मुलामा दिलेली नवी चॅसिस घातली. कितीला पडली, ते बायकोला सांगू नका, असा लेकीकडे निरोप होता. नंतर फोन आला. इंजिन बंद केलं, दिवे उभे ठेवले आणि ते जेवायला गेले. तासाभराने परतले तर डावा ताठ, उजवा किंचित झुकलेला. कुठून सुरुवात करू, असं विचारत होते. मी म्हटलं, पंप कुठे ठेवलाय?