कर्ज मालकाला, पगार कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

मंदीत मोठ्या कारखान्याच्या फाटकावर काय करायचे, हे आपल्या चळवळीला ठाऊक आहे. परंतु जेथे मालक स्वतःच यंत्रावर बसतो आणि हाताखाली पाचसात माणसे असतात, तेथे आपण अडखळतो. पगार मागावा, तर त्याचाच गल्ला रिकामा. न मागावा, तर कामगाराची चूल विझते. ही कोंडी सरकारी पैशाने फोडण्याचा एक प्रचंड प्रयोग २०२० साली अमेरिकेत झाला. त्याचा विचार आपण केला पाहिजे.

करोनाच्या साथीने बाजार बंद पडले, तेव्हा २७ मार्च २०२० रोजी तेथे कायदा झाला. साधारणपणे पाचशेपर्यंत कामगार असलेल्या धंद्याला मासिक पगारखर्चाच्या अडीचपट कर्ज, विनातारण, शेकडा १ व्याजाने. माणसे कामावर ठेवून कर्जाचा शेकडा ७५ भाग आठ आठवड्यांत पगारावर खर्च केला, तर ते माफ. माणसे कमी केली, तर माफीही त्या प्रमाणात कमी.

तत्त्व चांगले होते. पण वाटप बँकांच्या हाती गेले. ३४९ अब्ज डॉलरांचा पहिला निधी ३ एप्रिलपासून अवघ्या तेरा दिवसांत संपला. बँकेशी ज्यांचा जुना घरोबा, त्यांची प्रकरणे आधी निघाली. उपाहारगृहांच्या बड्या साखळ्यांनाही वाट मोकळी होती. कोपऱ्यावरचा केशकर्तनकार मात्र रांगेतच राहिला.

ज्या लहान मालकाला पैसा मिळाला, तोही पेचात पडला. दुकान सरकारी हुकमाने बंद, आणि आठ आठवड्यांची मुदत मात्र सुरू. माणसे बोलवावीत तर काम नाही; न बोलवावीत तर कर्ज डोक्यावर. त्यातच जुलैअखेरपर्यंत बेकारभत्त्यात आठवड्याला ६०० डॉलरांची वाढ होती. अनेकांना पगारापेक्षा भत्ताच अधिक पडे. यावरून कामगाराला आळशी ठरवणारे पुष्कळ निघाले. मी म्हणतो, यातून मजुरी किती तुटपुंजी होती, एवढेच सिद्ध झाले. अखेर जूनमध्ये मुदत चोवीस आठवडे झाली आणि पगाराची अट शेकडा ६० वर आली.

मे २०२१ पर्यंत सुमारे ८०० अब्ज डॉलर वाटले गेले. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली हिशेब मांडला: ज्यांची नोकरी अन्यथा गेली असती, अशा कामगारांपर्यंत यातील शेकडा २३ ते ३४ एवढाच भाग पोचला. उरलेला मालक, भागधारक, धनको आणि पुरवठादार यांच्याकडे गेला.

आणि आपल्याकडे? २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने टाळेबंदीतही पूर्ण पगार देण्याचा हुकूम काढला. त्यासाठी पैसा दिला नाही, आणि मे महिन्यात हुकूमही मागे घेतला. त्याच महिन्यात तीन लाख कोटी रुपयांची कर्जहमी योजना आली: जुन्या थकबाकीच्या शेकडा २० पर्यंत नवे कर्ज. ज्याचे बँकेत खातेच कर्जाचे नव्हते, जो सावकाराकडून भांडवल उचलत होता, तो बाहेरच राहिला. पगार देण्याची अट तर नव्हतीच. लहान आस्थापनांतील भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता सरकारने काही महिने भरला हे खरे. पण ज्याचे नाव निधीच्या वहीतच नाही, त्याला त्याचा काय उपयोग?

जर्मनीत मंदीत कामाचे तास कमी झाले, तर बुडालेल्या निव्वळ वेतनाचा शेकडा ६० भाग, पदरी मूल असल्यास ६७, बेकारी विम्याच्या निधीतून भरून दिला जातो. नोकरी टिकते आणि मालकावर कर्जही चढत नाही. मात्र हे घडते, कारण कामगाराचे नाव व वेतन आधीच नोंदलेले असते.

तेव्हा मित्रहो, मदत कामगाराच्या नावाने मागा, धंद्याच्या नावाने नव्हे. त्यासाठी आज, काम चालू असतानाच, प्रत्येक लहान कारखान्यात हजेरीपट आणि पगारपत्रक यांचा आग्रह धरा. लहान मालकालाही पटवा, की ही वही त्याच्याही हिताची आहे. मंदी दारात आल्यावर याद्या करता येत नाहीत. त्या वेळी ज्याचे नाव कोठेच नसते, तोच प्रथम रस्त्यावर येतो.